गच्चीवर मोजलेली दुपार

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी तोच ज्वालामुखी फुटतो. खाण्याचा सोडा, व्हिनेगर, चिमूटभर लाल रंग. फेस बाहेर आला की टाळ्या. हळदीच्या कागदावर चुन्याचं पाणी टाकून तो लाल करणं, उकडलेलं अंडं बाटलीत ओढून घेणं हे त्याचेच भाऊबंद. मुलांना मजा येते, त्याबद्दल तक्रार नाही. पण यांत काय होणार हे आधीच ठाऊक असतं, मोजायचं काहीच नसतं, आणि दहा मिनिटांनी उरतो तो फक्त ओटा पुसायचा. घरात खरोखरचा प्रयोग करायचा असेल तर मी एकच सुचवेन: सूर्य मोजा. रसायनं लागत नाहीत, खर्च फारसा नाही, आणि वर्षभर पुरतो. मोठ्यांनी केला तरी त्यांना बालिश वाटणार नाही.

याचं जुनं साधन म्हणजे शंकू, म्हणजे जमिनीत उभी रोवलेली काठी. 'सूर्यसिद्धान्ता'त शंकूभोवती वर्तुळ काढून दिशा ठरवायची रीत दिलेली आहे आणि ती आजही तशीच चालते. मात्र काठीत एक अडचण आहे. सूर्य हा ठिपका नाही. आकाशात त्याची रुंदी सुमारे अर्धा अंश भरते. त्यामुळे मीटरभर उंच काठीच्या सावलीचं टोक सेंटिमीटरभर पुसट होतं. सावली नेमकी कुठे संपली, यावर घरातल्या दोन माणसांचं एकमत होत नाही. म्हणून काठीऐवजी भोक वापरायचं.

शीतपेयाच्या डब्याचा पत्रा कातरून तळहाताएवढा तुकडा घ्या. त्याला खिळ्याने तीन मिलिमीटरचं गोल भोक पाडा आणि कडा कानशीने किंवा पॉलिश पेपरने साफ करा. पत्र्याच्या कडा हात कापतात, तेव्हा चारी बाजूंना चिकटपट्टी लावा. हा तुकडा एका लाकडी पट्टीच्या टोकाला आडवा बसवा, पट्टी उंच स्टुलाला घट्ट बांधा, स्टुलावर दोन विटा ठेवा. भोक खालच्या फळीपासून बरोबर एक मीटर उंच यायला हवं. ऊन पत्र्यावर पडलं की खाली पत्र्याची सावली पडते आणि तिच्या मधोमध प्रकाशाचा एक लहानसा लंबगोल. तो भोकाचा आकार नव्हे, ती सूर्याची प्रतिमा आहे. भोक चौकोनी पाडलंत तरी ती जवळपास गोलच दिसेल. आंब्याच्या झाडाखाली पानांच्या फटींतून जमिनीवर पडणारे कवडसेही असेच सूर्याच्या प्रतिमा असतात आणि खंडग्रास ग्रहणाच्या वेळी ते सगळे एकदम चंद्रकोरीसारखे होतात. आपल्या लंबगोलाची रुंदी सेंटिमीटरभर असते, कडा मऊ असतात, पण मध्य कुठे आहे हे डोळ्याला मिलिमीटरभराच्या फरकाने सांगता येतं. बारीक पेन्सिलीने तिथे टिंब करा आणि बघत राहा. मिनिटाभरात ते टिंब प्रकाशाच्या मध्यातून सरकलेलं असतं. खरं तर प्रकाशच सुमारे चार-साडेचार मिलिमीटर पुढे गेलेला असतो. पृथ्वी फिरते हे पुस्तकात वाचणं वेगळं. इथे ती पेन्सिलीच्या टोकाखालून निसटते.

आता फळी. इथे बहुतेक जण घाई करतात आणि इथेच सगळं बिघडतं. गच्चीची फरशी सपाट दिसते, पण पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून तिला मुद्दाम उतार दिलेला असतो. शंभराला एक एवढाच उतार असला तरी अर्ध्या अंशाहून अधिक चूक होते आणि पृथ्वीच्या पाठीवर अर्धा अंश म्हणजे पंचावन्न किलोमीटर. तुमची गच्ची परस्पर दुसऱ्या तालुक्यात जाऊन बसेल. म्हणून आठ बाय चारच्या प्लायवूडचा अर्धा तुकडा घ्या, खाली पुठ्ठ्याच्या पाचरी सारा आणि गवंड्याच्या पाणसळीने दोन्ही दिशांनी समतल करा. पाणसळ नसेल तर गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळीत पाणी भरूनही काम होतं. वर पांढरा कागद ताणून चिकटवा. एवढी मोठी फळी जमत नसेल तर भोकाची उंची अर्धा मीटर ठेवा आणि दोन बाय दोनची फळी घ्या. लांबीचे पुढचे सगळे आकडे मग निम्मे करून वाचा. अचूकता थोडी कमी होईल, प्रयोग तोच राहील.

भोकाच्या बरोबर खाली कोणता बिंदू येतो तेही हवं. त्यासाठी भोकातून दोरा सोडून त्याला ओळंबा लावा. घरात ओळंबा नसेल तर टोकदार पेंडंट किंवा मोठं नट चालेल. वारा पडल्यावर टोक जिथे स्थिर होतं तिथे ठळक खूण करा. हा पाया. सगळी मापं इथून घ्यायची. दोरा मग काढून टाका.

पहिल्या दिवसाचं काम: खरी उत्तर आणि खरी दुपार शोधणं. पायाला मध्य धरून दोऱ्याने तीन-चार वर्तुळं काढा. सकाळी प्रतिमा पश्चिमेकडे लांबवर असते आणि जवळजवळ येत जाते. तिचा मध्य एकेका वर्तुळावर आला की टिंब करा आणि वेळ लिहा. वेळ मोबाइलवरची घ्या, भिंतीवरच्या घड्याळाची नको. दुपारनंतर तीच प्रतिमा पूर्वेकडे दूर जाताना त्याच वर्तुळांना पुन्हा छेदते. तेव्हा पुन्हा टिंब, पुन्हा वेळ. एका वर्तुळावरची दोन टिंबं जोडलीत की ती रेघ पूर्व-पश्चिम. तिचा मध्य पायाशी जोडलात की उत्तर-दक्षिण.

आणि दोन वेळांच्या बरोबर मध्ये तुमच्या गच्चीवरची दुपार. समजा पुण्यात फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळची वेळ ११ वाजून २२ मिनिटं आली आणि दुपारची २ वाजून १६. मध्य येतो १२ वाजून ४९ मिनिटं. घड्याळात बारा वाजतात तेव्हा पुण्याच्या आकाशात अजून सकाळच असते.

लोक विचारतात, इतका द्राविडी प्राणायाम कशाला, सावली सर्वांत आखूड कधी झाली ते बघितलं की झालं. ते करून बघाच. दुपारच्या आधी आणि नंतर बरीच मिनिटं लांबी बदलतच नाही असं वाटतं. आखूड कधी झाली हे ठरवता ठरवता वीस मिनिटं निघून जातात. कुठलीही गोष्ट वाढून घटते किंवा घटून वाढते तेव्हा टोकाशी ती रेंगाळते. टोक शोधायचं तर टोकाकडे न बघता दोन्ही बाजूंच्या चढउतारांवर, जिथे ती भराभर बदलते तिथे, सारखी मापं शोधायची आणि मध्य काढायचा. या प्रयोगातून एकच गोष्ट शिकायची असेल तर ती ही, आणि पुढे ती आणखी एकदा उपयोगी पडणार आहे.

तीन वर्तुळांतून तीन मध्य निघतील आणि ते तंतोतंत जुळणार नाहीत. एक १२:४८ येईल, एक १२:५०. मुलं इथे हळूच खोडरबर उचलतात. उचलू देऊ नका. तिन्ही आकडे तसेच ठेवा, सरासरी काढा आणि शेजारी लिहा: मिनिटभर इकडे-तिकडे. आपलं माप किती विश्वासाचं आहे हे या फरकातूनच कळतं.

दुपार बाराला का होत नाही? भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरची आहे. पुणे त्याच्या साधारण पावणेनऊ अंश पश्चिमेला. दर अंशाला चार मिनिटं याप्रमाणे पुण्याची सरासरी दुपार १२:३५ च्या आसपास येते. मुंबईची त्यानंतर चार मिनिटांनी, तर नागपूरची सुमारे १२:१४ ला. ही प्रमाणवेळ १९०६ साली आली तरी मुंबईने आपली ३९ मिनिटं मागे चालणारी वेळ पुढे बरीच वर्षं सोडली नव्हती. आकाशाच्या बाजूने पाहिलं तर मुंबईकरांचं फारसं चुकत नव्हतं.

पण १२:३५ ही सरासरी झाली. पृथ्वीची कक्षा किंचित लंबगोल आहे आणि तिचा आस कललेला आहे. या दोन कारणांनी सूर्य कधी घड्याळाच्या पुढे पळतो, कधी मागे रेंगाळतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पुण्यात १२:१८ लाच दुपार होते, फेब्रुवारीच्या मध्यात ती १२:४९ पर्यंत लांबते. हा फरक नुसता आकड्यांत ठेवण्यापेक्षा डोळ्यांनी बघा. दर रविवारी घड्याळात बरोबर १२:३५ वाजता (तुमच्या गावची जी सरासरी दुपार असेल त्या वेळी) प्रतिमेच्या मध्यावर टिंब करा आणि तारीख लिहा. फळी रोज उचलावी लागली तरी हरकत नाही. फरशीवर तिचे कोपरे आणि स्टुलाचे पाय ऑइल पेंटने आखून ठेवले की पुढच्या आठवड्यात सगळं जागच्या जागी बसतं. बसवल्यावर ओळंबा आणि पाणसळ मात्र दर वेळी. (पेंट लावण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरींच्या कानावर घाला.) महिन्या-दोन महिन्यांत टिंबांची रांग वाकायला लागते आणि वर्ष पुरं होताना कागदावर इंग्रजी आठाचा आकडा उभा राहतो. मीटरभर उंचीच्या भोकाला हा आठ जवळजवळ मीटरभर लांब होतो: पुण्यात डिसेंबरच्या अखेरीस टिंब पायापासून ९० सेंटिमीटर उत्तरेला, तर २१ जूनला साडेआठ सेंटिमीटर चक्क दक्षिणेला.

अर्थात पुण्यात २१ जूनला ते दिसलं तर. आठाचा लहान वाटोळा भाग साधारण एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंतचा, आणि त्यातला निम्म्याहून जास्त आपला पावसाळा खातो. त्या रविवारी वहीत 'ढग' एवढंच लिहा. अंदाजाने टिंब भरू नका. मराठवाड्यात किंवा नगर-सोलापूरकडे राहणाऱ्यांना मध्येच उघडीप मिळते. कोकणातल्यांनी मेमध्ये हात धुऊन घ्यावेत.

मेचं आणखी एक कारण. कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेला असल्यामुळे राज्यातल्या प्रत्येक गावावर सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो. तोच शून्य सावलीचा दिवस. कोल्हापुरात तो ६-७ मेच्या सुमारास, पुण्यात १३-१४, मुंबईत १५-१६, नागपुरात २६ मेच्या आसपास. दुसरी फेरी जुलै-ऑगस्टमध्ये असते, तिच्यावर विसंबू नका. त्या दिवशी लोक पाण्याचा ग्लास उलटा ठेवून फोटो काढतात. तुमच्याकडे त्याहून बरं साधन आहे. खऱ्या दुपारी प्रतिमा थेट पायाच्या खुणेवर येऊन बसते. पुण्यात त्या दिवसांत ती रोज चार मिलिमीटर दक्षिणेकडे सरकत असते, तेव्हा दोन दिवस आधीपासून मोजलंत तर नेमका दिवस वर्तमानपत्र न बघता सांगता येईल.

डिसेंबरात उलट. सर्वांत लांब सावलीचा दिवस कोणता, हे २१-२२ डिसेंबरच्या आसपास मोजून कळणारच नाही. आगेमागे तीन-चार दिवस फरक मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या पुढे जात नाही. इथे वर्तुळांची युक्ती पुन्हा काढा. १ डिसेंबरला दुपारची लांबी मोजून ठेवा. जानेवारीत ती लांबी परत कधी येते ते बघा, दहा-अकरा तारखेला येईल. मध्य काढा. घरातल्या आजी-आजोबांशी एक गोड वादही यातून होऊ शकतो: उत्तरायण संक्रांतीला सुरू होतं ना? तुमच्या कागदावर १४ जानेवारीपर्यंत पुण्याची सावली सुमारे साडेसहा सेंटिमीटर आखूड झालेली असेल. सूर्य केव्हाच परत फिरलेला असतो. संक्रांत ताऱ्यांच्या, म्हणजे राशींच्या हिशेबाने धरतात आणि पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डुलत असल्याने तो हिशेब साधारण ७१-७२ वर्षांत एक दिवस या गतीने ऋतूंपासून सरकत जातो. तिळगूळ घेऊनच वाद घाला.

आता विषुवदिन. २०-२१ मार्चला किंवा २२-२३ सप्टेंबरला दुपारी प्रतिमा पायापासून किती दूर पडते ते मोजा. लांबीला उंचीने भागा, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर टॅन इन्व्हर्स दाबा. येईल तो तुमचा अक्षांश. पुण्यात मीटरला साडेतेहतीस सेंटिमीटर, म्हणजे साडेअठरा अंश. विषुवाचा नेमका क्षण दुपारी येतोच असं नाही आणि या दिवसांत प्रतिमा रोज सात-आठ मिलिमीटर सरकते, म्हणून आदल्या आणि दुसऱ्या दिवसाची मापंही घेऊन ताळा पाहा. जुने ज्योतिषी हेच माप बारा अंगुळांच्या शंकूने घेत आणि त्याला पलभा म्हणत. पुण्याची पलभा जवळपास नेमकी चार अंगुळं. बाराला चार! गणित तोंडी करता यावं म्हणून गाव वसवलंय असं वाटावं. कोल्हापूर ३.६, नागपूर ४.६ च्या थोडी वर.

दिशा बघायला मोबाइलमधलं होकायंत्र का नको, हेही सांगून टाकतो. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत अंशभराचाही फरक नाही, त्यामुळे तत्त्वतः ते चालायला हवं. पण स्लॅबमधल्या सळया, लोखंडी कठडा, टाकीचं स्टँड यांमुळे काटा पाच-दहा अंश सहज भरकटतो. तुमची रेघ काढून झाली की तिच्यावर मोबाइल ठेवून फिरवून बघा. सूर्याला सळया दिसत नाहीत.

गच्ची नसेल तर दक्षिणेकडची खिडकी पुरते. रुपयाएवढा आरसा खिडकीच्या कट्ट्यावर पाठ टेकवून, शक्य तितका समतल चिकटवा. सूर्याचा कवडसा छतावर पडेल आणि तोही तशाच आठाचा मोठा भाग काढेल. मात्र पावसाळ्याच्या तोंडाशी सूर्य डोक्यावर आणि पुढे उत्तरेला गेला की खिडकीत ऊन येणार नाही. हा प्रयोग सप्टेंबरअखेर सुरू करून मार्चपर्यंतचा. इटलीत बोलोन्याच्या सान पेत्रोनियो चर्चच्या छताला सुमारे २७ मीटर उंचीवर भोक ठेवून कासिनी या खगोलशास्त्रज्ञाने १६५५ मध्ये फरशीवर अशीच उत्तर-दक्षिण रेघ आखली आणि तिच्यावरच्या प्रतिमेचा आकार वर्षभरात लहानमोठा होतो हे मोजून दाखवलं. तुमच्या भोकाची उंची त्याला पुरणार नाही, पण आरशाला पाच मिलिमीटर भोकाचा काळा कागद लावून प्रकाश लांब, अंधाऱ्या भिंतीवर टाकलात तर सूर्याची रुंदी नक्की मोजता येते: अंतराला साधारण १०८ ने भागलं की प्रतिमेची रुंदी. दहा मीटरवर ती नऊ-सव्वानऊ सेंटिमीटर भरते; भोकाचा आकार तिच्यात थोडा मिसळतो तो वजा करा.

सावधगिरी थोडीच, पण ती पाळायचीच. भोकातून सूर्याकडे कधीही बघायचं नाही. बघायचं ते खालच्या कागदावर. दुर्बीण या प्रयोगाच्या जवळपासही नको. आरशाचा झोत समोरच्या घरात किंवा रस्त्यावरच्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांवर जाणार नाही असा ठेवा. मे महिन्यात साडेबाराला गच्चीवर जाताना टोपी, पाणी, पायांत चपला, आणि लहान मुलांसोबत मोठं माणूस. कठड्याला टेकून माप घेऊ नका.

वर्षभर थांबायचा धीर नसेल तर एक प्रयोग पुढच्या रविवारीच होतो, त्याला फक्त लांबच्या गावातले नातेवाईक लागतात. शक्यतो उत्तर-दक्षिण लांब. कोल्हापूरचा मामा आणि नागपूरची आत्या ही जोडी उत्तम. दोघांनी एकाच दिवशी, आपापल्या खऱ्या दुपारी, समतल फळीवर लांबी आणि उंची मोजायची. घड्याळाची वेळ सारखी नसणार, ती असायचीही नाही. मापपट्टी शेजारी ठेवून वरून सरळ फोटो काढला तर नंतर भांडणं होत नाहीत. दोन्ही मापांचे कोन काढा आणि वजाबाकी करा. फरक साडेचार अंशांच्या जरा आत यायला हवा. (शून्य सावलीच्या दिवसांत एकाची प्रतिमा उत्तरेला आणि दुसऱ्याची दक्षिणेला असेल, तर कोन वजा न करता मिळवायचे.) आता नकाशा घ्या आणि त्यावरच्या किलोमीटरच्या पट्टीने दोन गावांतलं फक्त उभं, उत्तर-दक्षिण अंतर मोजा. रस्त्याचं अंतर अजिबात चालणार नाही. ते वळणावळणाचं असतं आणि नागपूर कोल्हापूरच्या बरंच पूर्वेलाही आहे. उभं अंतर सुमारे ४९४ किलोमीटर निघतं. त्याला तुमच्या कोनाने भागा, ३६० ने गुणा.

दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये एरॅटोस्थेनिसने अलेक्झांड्रिया आणि सायीनी या दोन गावांच्या सावल्यांवरून हेच केलं होतं. त्याचा कोन वर्तुळाचा पन्नासावा भाग आला. तुमचं उत्तर चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास यावं. दोन्ही घरांची मापं मिळून कोनात अंशाच्या दहाव्या भागाएवढी चूक धरली तर ते ३९,१०० ते ४०,९०० मध्ये कुठेही पडेल. उत्तर ४८,००० आलं तर मामांना विचारा, फळीखाली पाचरी सारल्या होत्या का.